लाटेच्या पोराचे नाव

२७ ऑक्टोबर १९१४ रोजी दक्षिण वेल्समधील स्वान्सी शहरात, कुमडोंकिन ड्राइव्ह नावाच्या चढाच्या रस्त्यावरील पाच क्रमांकाच्या घरात, एका इंग्रजीच्या शिक्षकाला मुलगा झाला आणि त्याने मुलाला असे नाव दिले जे त्या काळी वेल्समध्येही जवळजवळ कुणी ठेवत नव्हते. आजूबाजूच्या घरांत जॉन, डेव्हिड, विल्यम, टॉमस यांची रेलचेल होती. ज्यांना वेल्शपण मिरवायचे होते ते फार तर जॉनचे इव्हान किंवा शोन हे वेल्श रूप पसंत करीत. या शिक्षकाने मात्र बायबल, संत आणि राजे यांना बाजूला सारून एका मध्ययुगीन कथेच्या कोपऱ्यात पडलेले नाव उचलले: डलन. पुढे कवी झालेल्या या मुलाला जग डिलन टॉमस म्हणून ओळखते. त्या नावाने पुढे शंभर वर्षांत जो प्रवास केला तो लांबचा तर आहेच, पण विलक्षण वेडावाकडाही आहे. तरीही मला त्या प्रवासापेक्षा त्याच्या आरंभाचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. वेल्श भाषा स्वतःला उत्तम येत असूनही ती मुलाला न शिकवणाऱ्या माणसाने त्याच मुलाला त्या भाषेतील इतके जुने नाव का द्यावे?

वेल्समध्ये पहिल्या नावाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी तेथील आडनावांची दैना आधी पाहावी लागते. सोळाव्या शतकापर्यंत सामान्य वेल्श माणसाला आडनावच नव्हते. तो स्वतःचे नाव सांगे आणि 'आप' किंवा 'आब', म्हणजे 'चा मुलगा', असा शब्द लावून पुढे वडिलांचे, आणि अंगात उत्साह असेल तर आजोबा-पणजोबांचेही नाव जोडे. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिणाऱ्या मराठी माणसाला यात वावगे काही वाटणार नाही. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात पुरते सामावून घेतले गेले आणि न्यायालयांच्या व दप्तरांच्या भाषेबरोबर नोंदीची पद्धतही इंग्रजी झाली. त्या दप्तरात 'आप हवेल'चा पॉवेल झाला, 'आप रीस'चा प्राइस, 'आब ओवाइन'चा बोवेन, 'आप हारी'चा पॅरी. बाकीच्यांच्या वाट्याला जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, एव्हान्स आणि टॉमस एवढी मूठभर आडनावे आली. परिणामी एकाच खेड्यात अर्धा डझन जॉन जोन्स राहू लागले आणि लोक त्यांना दूधवाला, पाववाला, टपालवाला अशा धंद्यांवरून ओळखू लागले. कवी आणि धर्मोपदेशक यांनी आपली सोय वेगळी केली. आइस्टेडवोड या काव्यसंमेलनांत भाग घेणारा माणूस एखादी नदी, डोंगर किंवा गाव यांवरून स्वतःसाठी काव्यनाम घेई आणि पुष्कळदा तेच नाव मागे उरे.

स्वान्सीच्या त्या शिक्षकाचे, डेव्हिड जॉन टॉमस यांचे चुलते असेच एक काव्यनामधारी होते. विल्यम टॉमस हे त्यांचे नाव लोक विसरले, पण ग्विलिम मार्लेस हे नाव राहिले. मार्लाइस हा कार्मार्थनशरमधील एक ओढा. त्यावरून ते नाव आले. ग्विलिम मार्लेस हे युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते आणि जमीनदाराच्या विरोधात कुळांची बाजू घेतल्यामुळे १८७६ साली त्यांना आणि त्यांच्या मंडळीला केरेडिगियनमधील ल्विनरहाडओवेनच्या प्रार्थनामंदिरातून बाहेर काढण्यात आले होते. या चुलत्याची आठवण म्हणून नवजात मुलाचे मधले नाव मार्लाइस ठेवण्यात आले. मुलाच्या थोरल्या बहिणीच्या नावातही मार्लेस होतेच. म्हणजे मधल्या नावात ओढा होता, आणि पहिल्या नावात समुद्र.

ते पहिले नाव ज्या कथेतून आले ती 'माबिनोगी' या मध्ययुगीन वेल्श कथांच्या चार शाखांपैकी चौथी शाखा. चौदाव्या शतकातील 'रिडर्खचे पांढरे पुस्तक' आणि त्यानंतर काही दशकांनी लिहिले गेलेले 'हर्गेस्टचे तांबडे पुस्तक' या दोन हस्तलिखितांत ती आपल्यापर्यंत आली, पण कथा त्याहून बऱ्याच जुन्या आहेत. उत्तर वेल्समधील ग्विनेदचा अधिपती माथ याला एक विचित्र बंधन आहे. युद्धाची धामधूम नसेल तेव्हा त्याचे पाय एका कुमारिकेच्या मांडीवर असले पाहिजेत, नाहीतर तो जगू शकत नाही. त्याच्या भाच्यांच्या कपटामुळे त्या कुमारिकेवर अत्याचार होतो आणि माथ त्या दोघा भावांना तीन वर्षे निरनिराळ्या पशूंच्या रूपांत राहण्याची शिक्षा देतो. नंतर नवी कुमारिका शोधताना शिक्षा भोगून आलेला भाचा ग्विडिओन आपली बहीण आरियान्रोड हिचे नाव सुचवतो. माथ आपली जादूची छडी वाकवून जमिनीवर ठेवतो आणि कौमार्याची परीक्षा म्हणून तिला ती ओलांडायला सांगतो. ती पाऊल टाकते आणि सर्वांच्या देखत पिवळ्या केसांचे एक धट्टेकट्टे मूल तिच्यापासून गळून पडते.

मूल मोठ्याने रडते. आरियान्रोड दाराकडे पळते, आणि पळताना आणखी एक लहानशी वस्तू मागे पडते, जी ग्विडिओन कुणाच्या लक्षात येण्यापूर्वी रेशमी वस्त्रात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवतो. माथ पहिल्या मुलाचे नामकरण करतो: डलन. नाव मिळताच मूल समुद्राकडे जाते आणि समुद्रात शिरताक्षणी त्याला समुद्राचा स्वभाव लाभतो. तो उत्तमातल्या उत्तम माशासारखा पोहू लागतो आणि त्याच्या अंगाखाली कधीही लाट फुटत नाही, म्हणून त्याला डलन आइल टोन म्हणतात. पुढच्याच वाक्यात निवेदक सांगतो की त्याचा मृत्यू ज्या घावाने झाला तो त्याचा मामा गोवान्नोन याने घातला होता आणि तो तीन अनर्थकारी घावांपैकी एक होता. का घातला, केव्हा घातला, याबद्दल अक्षर नाही. मामा-भाच्याचे वैर आपल्याला नवे नाही, पण आपल्याकडे भाचा वाचतो आणि मामा मरतो. येथे उलटे घडते आणि कथा मागे वळूनही पाहत नाही.

कथेला खरा रस आहे तो पेटीतल्या दुसऱ्या वस्तूत. ती वस्तू म्हणजे दुसरा मुलगा. तो वाढतो, ग्विडिओन त्याला आईकडे नेतो आणि लाजेने संतापलेली आरियान्रोड त्याच्यावर शपथ घालते की मी स्वतः ठेवल्याखेरीज याला नाव मिळणार नाही. या शपथेला वेल्शमध्ये टंगेड म्हणतात; नशीब, प्राक्तन असाही त्याचा अर्थ आहे. ग्विडिओन चांभाराचे सोंग घेऊन तिला जोडे शिवून देण्याच्या निमित्ताने फसवतो. मुलाने नेम धरून एका इवल्या पक्ष्याला अचूक टिपले की तिच्या तोंडून कौतुक निघते, 'गोऱ्या पोराचा हात कसबी आहे', आणि तेच त्याचे नाव होऊन बसते: ल्लेय ल्लाउ गफेस. एका भावाला मागण्याआधी नाव मिळाले आणि तो चार वाक्यांत संपला. दुसऱ्याला नावासाठी झगडावे लागले आणि उरलेली सारी कथा त्याची झाली. तरीही आज जगभर पाळण्यात घातले जाते ते पहिल्याचे नाव, आणि ल्लेय हे नाव वेल्सच्या सीमेबाहेर सहसा जात नाही.

याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. वेल्श भाषेतील ज्या ध्वनींपुढे परका माणूस हात टेकतो त्यांपैकी एकही डलन या नावात नाही. दुहेरी एलचा घासून निघणारा ध्वनी शेक्सपिअरच्या काळापासून इंग्रजांना जमलेला नाही; त्याच्या पाचव्या हेन्रीवरील नाटकातला वेल्श कप्तान फ्लुएलेन हा मुळात ल्लेवेलिन आहे. गंमत अशी की डलनमध्येही तो ध्वनी मुळात होता. नावाची सर्वांत पटणारी उपपत्ती 'डी' हा जोर देणारा उपसर्ग आणि 'ल्लानु' म्हणजे भरती अशी सांगितली जाते, आणि उपसर्गानंतर येणारा हा ध्वनी वेल्श व्याकरणाच्या नियमाने मृदू होऊन साधा ल बनतो. म्हणजे नावाचा अर्थ भरती, समुद्राचे उधाण. 'आइल टोन'मधल्या टोनचा अर्थ लाट याबद्दल वाद नाही. आइल म्हणजे दुसरा, म्हणून कुणी ते 'लाटेसारखा' असे वाचतात, तर कुणी 'लाटेचा वारस, लाटेचा मुलगा' असे. मला दुसरे वाचन अधिक आवडते; आईने टाकलेल्या मुलाला कुणाचे तरी म्हणणे त्यात आहे.

कथेचा भूगोलही नेमका आहे. कार्नार्वनच्या दक्षिणेला, पोन्टल्लव्नी गावाजवळच्या किनाऱ्यावर एक मोठा धोंडा आहे, त्याला माइन डलन, डलनचा दगड, म्हणतात. तेथून जवळच समुद्रात मोठ्या ओहोटीला उघडे पडणारे खडक आरियान्रोडचा किल्ला म्हणून ओळखले जातात. तेराव्या शतकातील 'कार्मार्थनचे काळे पुस्तक' या हस्तलिखितात वीरांच्या थडग्यांची जी कवने आहेत त्यांपैकी एकात डलनचे थडगे संत बेइनोच्या चर्चपाशी, जेथे लाट गरजते तेथे, असल्याचे म्हटले आहे. ते चर्च म्हणजे त्याच किनाऱ्यावरील क्लनोग वाउरचे. तालिएसिन या जुन्या वेल्श कवीच्या नावे असलेल्या संग्रहात डलनचे एक शोकगीतही आहे. ज्याच्या वाट्याला गोष्टीत चार ओळी आल्या त्याच्यासाठी किनाऱ्याने एवढे जपून ठेवले, यावरून त्याची मूळ कथा कधीकाळी बरीच मोठी असावी असे वाटत राहते.

या सगळ्यातून ते नाव १९१४ सालच्या स्वान्सीत कसे पोहोचले? लेडी शार्लट गेस्ट यांचे इंग्रजी भाषांतर १८३८ पासून भागाभागांनी आणि १८४९ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाले होते, आणि त्यामुळे या कथा वेल्श न येणाऱ्या वाचकांपर्यंत गेल्या होत्या. शिवाय १९१४ च्याच जुलै महिन्यात लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात जोसेफ होलब्रुक या संगीतकाराचा याच डलनवरील ऑपेरा रंगमंचावर आला होता. अबरिस्टविथच्या महाविद्यालयातून इंग्रजीची पहिल्या वर्गातील पदवी घेतलेल्या आणि स्वान्सीच्या ग्रामर स्कूलमध्ये शेक्सपिअर शिकवणाऱ्या टॉमस मास्तरांच्या वाचनातून ही नावे सुटणे शक्यच नव्हते. त्यांना स्वतः कवी व्हायचे होते आणि ते झाले नाहीत. त्यामुळे मुलाला नाव देताना त्यांनी कवितेतून निवड केली यात नवल नाही.

नवल आहे ते दुसऱ्या बाजूचे. पतिपत्नी दोघेही कार्मार्थनशरच्या वेल्शभाषक शेतकरी घराण्यांतले, दोघांनाही वेल्श येत होते, पण मुलांना त्यांनी इंग्रजीतच वाढवले आणि वेल्श हेल जावा म्हणून वक्तृत्वाच्या शिकवणीलाही पाठवले. त्या पिढीला यासाठी दोष देणे सोपे आहे. १८४७ साली सरकारी आयुक्तांनी वेल्समधील शिक्षणाचा जो अहवाल दिला त्यात वेल्श भाषा ही प्रगतीतला आणि नीतिमत्तेतलाही अडसर ठरवली गेली होती. तेथे तो आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत, आणि दिवस संपताना ती ज्याच्या गळ्यात असे त्याला मार बसे. अशा काळातून वर आलेल्या माणसाने ठरवले की मुलाला भाकरी इंग्रजी देईल. भाषा त्याने नाकारली. नाव मात्र असे दिले की ते घेऊन जाणारा कुठेही गेला तरी वेल्श ठरावा. मला यात ढोंग दिसत नाही. जे देणे परवडत नाही त्याच्या बदल्यात पालक जे देऊ शकतात ते देतात, आणि नावाला पैसे पडत नाहीत.

हे लिहिताना आपल्या घरांकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. पुण्या-मुंबईत मुलाला पहिल्या दिवसापासून इंग्रजी शाळेत घालणारे आणि घरीही त्याच्याशी अर्धेअधिक इंग्रजीत बोलणारे आईवडील नावासाठी मात्र संस्कृत कोश उपसतात, आणि नाव जितके अनवट तितके समाधान मोठे असते. परदेशातील मराठी घरांत आणखी एक अट असते. कार्डिफमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मुलाच्या जन्माआधी केलेल्या यादीवर वहिनींनी एकच कसोटी लावली होती: आजीला हाक मारता आली पाहिजे आणि डॉक्टरकडच्या स्वागतिकेला वाचता आले पाहिजे. नील, रोहन, जय, माया ही नावे या कसोटीला उतरतात म्हणून परदेशात सारखी भेटतात. टॉमस मास्तरांनी अशी कसोटी लावली नव्हती. ती लावली त्यांच्या पत्नीने. फ्लॉरेन्सबाईंना काळजी होती की वेल्श उच्चाराप्रमाणे हाक मारली तर इंग्रजीत 'डल' म्हणजे मंद, मठ्ठ, असा अर्थ निघून पोरे मुलाला चिडवतील.

त्यांची काळजी खोटी नव्हती. नावाचे स्पेलिंग Dylan. वेल्शमध्ये वाय हे अक्षर शब्दाच्या शेवटच्या अवयवाखेरीज इतरत्र आले तर सहसा आपल्या 'अ'सारखे उच्चारले जाते, आणि आघात उपान्त्य अवयवावर पडतो. त्यामुळे नावाचा उच्चार होतो डलन, दुसरा स्वर किंचित आकाराकडे झुकलेला. इंग्रज ते वाचतो डिलन. मुलगा मोठा होऊन कवी झाला, बीबीसीच्या वेल्समधील केंद्रावरून बोलू लागला, तेव्हा निवेदक त्याची ओळख सुरुवातीला डलन टॉमस अशी करून देत. त्याने स्वतः सूचना दिली की आपल्याला डिलन म्हणावे. वडिलांनी मुद्दाम वेल्श नाव दिले आणि मुलाने मुद्दाम त्याचा इंग्रजी उच्चार स्वीकारला, येथे या नावाचा वेल्श भाषेशी असलेला नाळेचा संबंध तुटला. यापुढे ते कुणाचेही होऊ शकत होते. १९५० पासून डिलन टॉमसने अमेरिकेचे दौरे केले, त्याचा घनगंभीर आवाज १९५२ साली ध्वनिमुद्रिकेवर आला, आणि ९ नोव्हेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. दारू, दारिद्र्य, वाणी आणि अकाली मृत्यू यांमुळे अमेरिकेतील तरुणांच्या मनात तो कवीपेक्षा मोठा काहीतरी होऊन बसला.

त्या तरुणांपैकी एक मिनेसोटातला रॉबर्ट ॲलन झिमरमन, म्हणजे पुढचा गायक बॉब डिलन. त्याने हे नाव कुठून घेतले याबद्दल त्याने आयुष्यभर वेगवेगळी उत्तरे दिली, आणि टॉमसशी संबंध असल्याचे काही वेळा चिडून नाकारलेही. २००४ साली आलेल्या आत्मकथनात मात्र त्याने टॉमसच्या कविता वाचनात आल्याचा उल्लेख केला. डिलन हे आयरिश आडनावही आहे, नॉर्मनांबरोबर आयर्लंडमध्ये आलेले आणि मुळात या समुद्रपुत्राशी काहीच नाते नसलेले. कानाला ते सारखेच लागते, त्यामुळे ही गुंतागुंत कधी पूर्ण सुटणार नाही. नाव कायदेशीरपणे बदलले गेले ते ऑगस्ट १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात.

त्याच ऑगस्ट महिन्यात स्वान्सीपासून जवळच्या पोन्टार्डिलाइस गावी वेल्श भाषेसाठी लढणारी संघटना स्थापन झाली. निमित्त होते वेल्श नाटककार सॉन्डर्स लुइस यांच्या भाषणाचे. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी आकाशवाणीवरून केलेल्या त्या भाषणात त्यांनी बजावले होते की सध्याची गती चालू राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा राहणार नाही. भाषणाच्या शीर्षकात आरियान्रोडचाच शब्द होता: टंगेड, भाषेचे प्राक्तन. त्यानंतर रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी, न्यायालयांसाठी, शाळांसाठी, दूरचित्रवाणीसाठी आंदोलने झाली, तुरुंगवास झाले, १९८२ साली वेल्श वाहिनी सुरू झाली. आणि पालकांनी रीस, ओवाइन, रोड्री यांच्या जोडीला डलनही ठेवायला सुरुवात केली, आता पुन्हा वेल्श उच्चारासह. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के होते. वेल्श नाव असलेल्यांचे प्रमाण यापेक्षा जास्त असावे असा माझा अंदाज आहे.

वेल्सबाहेरची लोकप्रियता ही मुख्यतः गायकाची आणि नंतर दूरचित्रवाणीची देणगी आहे. साठच्या दशकात बीबीसीवरील लहान मुलांच्या एका मालिकेत गिटार वाजवणाऱ्या पेंगुळलेल्या सशाचे नाव डिलन होते. अमेरिकेत १९६६ साली हे नाव मुलांच्या पहिल्या हजार नावांत प्रथम आले. १९९० साली बेव्हर्ली हिल्समधील श्रीमंत मुलांची एक मालिका सुरू झाली, तिच्यातला उदास, देखणा नायक डिलन मॅके होता, आणि त्या दशकात हे नाव थेट पहिल्या पन्नासात गेले. फ्रान्सची हकीकत तर आणखी मासलेवाईक आहे. तेथे १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे संतांच्या पंचांगातून किंवा प्राचीन इतिहासातून निवडावी लागत. ब्रिटनीतील काही कुटुंबांच्या मुलांना ब्रेटन, म्हणजे वेल्शच्या सख्ख्या बहिणीच्या, भाषेतील नावे दिली म्हणून नोंदणी नाकारली गेली होती. १९९३ साली हा निर्बंध उठला, आणि त्या दशकात तेथे लोकप्रिय झालेल्या नावांत हॉलिवूडमार्गे आलेला डिलनही होता, केव्हिन आणि जॉर्डन यांच्या सोबतीने. फ्रान्समधील सुशिक्षितांनी या नावांची जी टवाळी चालवली तीत केल्टिक पुराणाचा मागमूसही नव्हता; ती होती फक्त गरीब वस्तीतल्या दूरचित्रवाणी पाहणाऱ्या आईबापांची टवाळी.

नावाच्या मालकीचा प्रश्न एकदा न्यायालयातही गेला. ॲपल कंपनीने नव्वदच्या दशकाच्या आरंभी एक संगणकभाषा तयार केली आणि 'डायनॅमिक लँग्वेज' या शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून तिचे नाव डिलन ठेवले. १९९४ साली बॉब डिलनने आपल्या नावाचा गैरवापर झाला म्हणून दावा लावला. पुढे तो न्यायालयाबाहेर मिटला. उसन्या घेतलेल्या नावावर हक्क सांगताना त्याला काही वाटले असेल का, हा प्रश्न मला पडतो खरा, पण मूळ धन्याने कधी तक्रार केलेली नाही.

मराठीत हे नाव लिहायचे तर प्रश्न उरतो उच्चाराचा, आणि देवनागरीत तर दोन्ही उच्चार अगदी सहज लिहिता येतात. कथेतल्या मुलाला मी डलन लिहितो, कारण त्याला हाक मारणारे सर्व वेल्श होते. स्वान्सीच्या कवीला डिलन, कारण ती त्याची इच्छा होती. गायकाबद्दल प्रश्नच नाही. माझ्या मावसभावाचा मुलगा आता कार्डिफमध्ये वेल्श माध्यमाच्या शाळेत जातो आणि त्याच्या वर्गात या नावाची दोन मुले आहेत. एकाच्या घरी वेल्श बोलतात, दुसऱ्याचे आजोबा गायकाचे भक्त. त्यांच्या बाईंनी आडनावाचे आद्याक्षर वगैरे काही लावलेले नाही. एकाला त्या डलन म्हणतात, दुसऱ्याला डिलन, आणि हजेरीपटावर दोघांचेही स्पेलिंग एकच आहे.